तुमच्या फिल्ममधले माझे अप्पा

तुम्ही गेल्यानंतर मी तुम्हाला पहिल्यांदा खोटं बोलताना पाहिलं. अडतीस वर्षांच्या संसारात कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ते खोटं आहे हे लवकर लक्षातच आलं नाही. मी आपली समोर बसून ऐकत होते आणि मान डोलवत होते.

तुमच्या शिवगणाराधनेची, दिवसांची पंगत उठली होती. पाव्हणे ओट्यावर पान लावत बसले होते. भाग्यश्री गुलबर्ग्याहून आली होती, खांद्यावर तीच काळी पिशवी. दोन वर्षं ही पोरगी कॅमेरा घेऊन आपल्या घरात वावरली, पण त्या दिवशी उंबऱ्याशी अडखळली. म्हणाली, "अम्मा, सरांची फिल्म पूर्ण झाली. बघणार का? आज नको असेल तर नको." तिचं मराठी अजून तसंच आहे, कानडीच्या चालीवर चालणारं. मी म्हटलं, लाव. निदान तुमचा आवाज तरी कानावर पडेल.

तिनं लॅपटॉप तुमच्या कामाच्या टेबलावरच ठेवला. पत्र्याचे तुकडे मी अजून उचलले नव्हते. आणि तुम्ही सुरू झालात.

काय सांगू, मला तुम्ही ओळखूच येईनात. कानडीत बोलताना तुम्ही हात किती हलवता! माझ्याशी मराठीत बोलताना तुमचे हात मांडीवर असायचे. ज्या गावाला रेल्वे नाही त्या गावात एक चित्रकलेचा मास्तर तीस-पस्तीस वर्षं तेलाच्या डब्यांपासून वाफेची इंजिनं बनवतो, अशी फिल्म. बॉयलर, चाकं, स्पिरिटचा दिवा, सगळं घरात केलेलं. तुम्ही पत्रा कापताना जीभ दातात धरता, हे मला माहीत होतं. पण इंजिन रुळावर सरकलं की तुम्ही क्षणभर डोळे मिटून घेता, हे मला माहीत नव्हतं. मी नेहमी इंजिनाकडे बघत राहिले असेन. तिनं तुमच्याकडे बघितलं.

मध्येच ती विचारते, अम्मा या सगळ्याबद्दल काय म्हणतात? तुम्ही हसून म्हणता, "ती काही म्हणत नाही."

मी काही म्हणत नाही? स्पिरिटच्या वासानं स्वयंपाकघरात बसवत नाही, हे मी किती वेळा म्हटलं असेल? धान्याच्या खोलीत धान्य सोडून सगळं आहे, म्हटलं. लेकीच्या लग्नात मांडवाच्या आदल्या दिवशी तुम्ही चाक झाळत बसलात तेव्हा तर मी काय काय म्हटलं. तुमच्या उत्तरावर फिल्म बघायला जमलेल्या बायका माझ्याकडे बघून कौतुकानं हसल्या, किती सोशिक बाई म्हणून. मलाही हसावं लागलं.

मग तो भाग आला. ही आवड लागली कशी, असं तिनं विचारलं. बाकी फिल्मभर तुम्ही कानडीत बोलता, तेवढी गोष्ट मात्र मराठीत सांगितलीत.

"मी सहा वर्षांचा होतो. आमचे अप्पा तुरीची पोती घेऊन गुलबर्ग्याला अडतीवर जायचे. एकदा मला ट्रकमध्ये पुढं बसवून नेलं. काम झालं, मग म्हणले चल, स्टेशन दाखवतो. इंजिन उभं होतं, काळं, धापा टाकत. अप्पांनी ड्रायव्हरला काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यानं वरून हात पुढं केला. अप्पांनी मला काखेत धरून उचललं न् त्याच्या हातात दिलं. वर शिट्टीची साखळी होती, तिला लाकडाची मूठ. ओढ म्हणला. मी ओढली. कान बंद झाले. मी भिऊन रडलो, तर अप्पा खाली उभं राहून हसायले होते. मग त्यांनी पेरू घेऊन दिला, मीठ लावून."

माझ्याजवळ बसलेल्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मीही लावला. मग हात तसाच राहिला.

माझ्या माहेराहून, मंठाळहून तुरीची पोती घेऊन जाणारे अप्पा माझे होते. तुमचे अप्पा तुम्ही दोन वर्षांचे असताना गेले. त्यांचा फोटोसुद्धा नव्हता आपल्याकडे. कपाळाला विभूती लावताना तुम्ही एकदा म्हणाला होतात, माझं नाक कुणासारखं आहे हे सांगणारंही कुणी उरलं नाही.

साखळी माझी, मूठ माझी, पेरू माझा. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी तुम्हाला हे सांगितलं होतं. दुपार होती, तुम्ही स्टोव्हला पिन मारत बसला होतात. मी बराच वेळ सांगत होते, तुम्ही वर बघितलं नाही. सांगून झाल्यावर एवढंच विचारलंत, "मूठ लाकडाची होती का लोखंडाची?" मी म्हटलं, लाकडाची. दोनेक महिन्यांनी तुम्ही वनस्पती तुपाचा रिकामा डबा मागितलात आणि पहिलं इंजिन केलंत. मी तेव्हा या दोन गोष्टी जोडल्या नाहीत. मला वाटलं, मास्तर लोकांना उद्योग लागतो काहीतरी.

म्हणजे आवड तिथूनच लागली, हे खरंच असेल. मग "माझ्या बायकोनं सांगितलं होतं" एवढे चार शब्द बोलायला काय झालं होतं तुम्हाला? लाज वाटली? बायकोच्या गोष्टीवरून पुरुषमाणूस खेळणी करतो म्हणून लोक हसतील, असं वाटलं? की इतक्या वर्षांत तुम्हाला खरंच वाटायला लागलं होतं की त्या इंजिनावर तुम्हीच चढला होतात? मी तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही भाग्यश्रीकडे बघत होतात.

जाताना ती म्हणाली की येत्या रविवारी हायस्कूलनं तुमच्यासाठी सभा ठेवली आहे, हॉलमध्ये फिल्म दाखवतील, नंतर मी दोन शब्द बोलावेत. मी हो म्हटलं. नंतर दोन दिवस मला जेवण गेलं नाही. लेकीला वाटलं, तुमच्या आठवणीनं. तेही होतंच.

खरं सांगितलं तर तुमच्या तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांसमोर तुम्ही खोटे ठरणार. गप्प बसले तर माझे अप्पा जाणार. तुम्हाला म्हणून सांगते, तो एक दिवस सोडला तर अप्पांनी मला कुठंच नेलं नव्हतं. गुलबर्ग्याची शाळा माझ्या थोरल्या भावाला, अण्णाला, सायकल अण्णाला, जत्रेला खांद्यावर अण्णा. मी पोरगी. माझ्या वाट्याला तो एक दिवस आला होता, ट्रकमध्ये पुढच्या सीटवरचा. तो मी जपून ठेवला होता आणि फक्त तुम्हाला दाखवला होता.

गुरुवारी मी गुलबर्ग्याची बस धरली. कमलापूरला बस थांबली तेव्हा अण्णासाठी लाल केळी घेतली. घराबाहेर एकटी पडले ती तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदाच. बाजूला पिशवी ठेवली तर कंडक्टर म्हणाला, कुणी येणार आहेत का इथं?

आधी भाग्यश्रीच्या खोलीवर गेले. तिला म्हटलं, ती गोष्ट सांगतानाचं सगळं मला दाखव, कापायच्या आधीचं. तिनं कारण विचारलं नाही. ती गोष्ट तुम्ही तीनदा सांगितली आहे. पहिल्यांदा बाहेर टेंपोचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदाही तिनं थांबवलं आणि म्हणाली, इन्नोम्मे सर, अजून एकदा. का थांबवलं ते मी विचारलं तर म्हणाली, तुम्ही बोलताना मध्येच अडकलात म्हणून.

मी म्हटलं, ते परत लाव.

त्या दुसऱ्या वेळी तुम्ही म्हणालात, "मी ओढली. कान बंद झाले. मी भिऊन रडले..." आणि थांबलात. जीभ चावल्यासारखे. मग म्हणालात, "रडलो."

भाग्यश्रीला त्यात काही दिसलं नव्हतं. कानडीत बाई रडो की बुवा, 'मी' म्हटलं की क्रियापद एकच. मी ते तिच्याकडून चार वेळा लावून घेतलं. तुमचा आवाज, तुमचा चष्मा, तुमच्या गळ्यातलं लिंग, आणि तोंडातून माझं वाक्य. तुम्ही माझे शब्द जसेच्या तसे सांगत होतात, फक्त प्रत्येक क्रियापदाला पुरुषाचा सदरा घालत होतात, आणि एकदा घालायचा राहिला.

मी तिला सगळं सांगितलं. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "अम्मा, तुम्ही म्हणत असाल तर तो भाग मी काढून टाकते." पण तो भाग काढला तर फिल्ममध्ये काय उरतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, थांब जरा.

मग ती म्हणाली, "अजून एक आहे. मी त्याचा अर्थ वेगळाच समजले होते."

शूटिंग संपलं की ते लोक खोलीचा नुसता आवाज घेऊन ठेवतात म्हणे. माणसं गप्प बसल्यावर खोली जशी ऐकू येते तसा. जोडकामात लागतो. अर्धा मिनिट कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. तिनं ते लावलं. पंखा, लांबून कोंबडा, तुमचा श्वास. तुम्ही हातांची घडी घालून बसलेले. आणि मध्येच तुम्ही कानडीत म्हणता, भाग्यश्री, ही गोष्ट घरात आधी मी सांगतो, मग तू दाखव. ती म्हणते, सर, आवाज. तुम्ही वर्गात बोलताना पकडलेल्या मुलासारखा तोंडावर हात ठेवता.

तिला वाटलं होतं, सरांना अम्मांना चकित करायचं आहे.

ते शूटिंग तुरीची रास चालली होती त्या दिवसांतलं. मी मंठाळला शेतावर होते. त्यानंतर सात-आठ महिने तुम्ही माझ्यासमोर होतात. रोज दोन्ही वेळा. केव्हा सांगणार होतात? मी आठवत बसले. एकदा सकाळी तुम्ही चहा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिलात आणि म्हणालात, "शांता, तुला एक सांगायचं होतं." मी भाकरी थापत होते. म्हटलं, सांगा की. तुम्ही थोडं थांबलात आणि म्हणालात, नळाचा वायसर गेलाय. मी म्हटलं, मग बसवा. तेच होतं का ते? की खरंच वायसरच होता? तुम्ही त्या दिवशी वायसर बसवलात, एवढं खरं. पण मी एकदा वर बघायला हवं होतं.

तिथून अण्णाकडे गेले. शरणप्पा अण्णा आता डाळमिलवर जात नाही, गुडघे धरलेत. तुमच्या मातीला आला होता तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून उभा होता. मी केळी पुढं ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, तो तरी माझ्या बाजूनं चिडेल. त्यानं एक केळ सोललं, सावकाश खाल्लं, साल बशीत ठेवलं.

"शांतव्वा," तो म्हणाला, "ते मी व्हतो."

मला कळेना तो कशाबद्दल बोलतोय.

"इंजिनावर. अप्पानं मला चढवलंतं. तू तवा पाळण्यात व्हतीस."

मी म्हटलं, काहीतरीच काय. मला साखळी आठवते, वास आठवतो, अप्पांच्या धोतराला लागलेली तुरीची धूळ आठवते.

"मीच सांगितलेलं तुला. तू मागं लागायचीस, अण्णा, इंजिनाचं सांग. दर खेपंला सांगायचो. तुला पाठ झालतं." मग हळूच म्हणाला, "त्या टायमाला पोरीला ट्रकात घालून कोण नेतंय? अप्पा तर न्हाईच."

तो हे वाईट वाटावं म्हणून बोलला नाही. तुरीचा भाव सांगावा तसं सांगितलं. पण मी तिथं बसल्या बसल्या सहा वर्षांची झाले आणि ट्रकमधून खाली उतरवली गेले.

मी विचारलं, "आणि पेरू?"

"पेरू कसला? सीताफळ व्हतं."

"पेरू होता अण्णा. मीठ लावलेला."

"मग मला ठाव न्हाई," तो म्हणाला. "मला सीताफळच दिलतं."

आता सांगा, पेरू कुठून आला? अण्णानं सीताफळ सांगितलं असेल तर मी पेरू का खाल्ला? की अप्पांनी मला दुसऱ्या कुठल्या दिवशी, दुसऱ्या कुठंतरी नेऊन पेरू दिला होता आणि ती जागा मला आठवत नाही? की अण्णाच विसरलाय? सत्तरीच्या माणसाची आठवण धरायची का साठीच्या बाईची? विचारायला आता ना अप्पा आहेत ना तुम्ही. वहिनीनं जेवायला वाढलं, मी जेवले. खूप दिवसांनी पोटभर जेवले, हे सांगायला लाज वाटते.

परतीच्या बसमध्ये मला तुमचा राग आणायचा होता आणि तो येत नव्हता. तुम्ही माझ्याकडून घेतलंत, मी अण्णाकडून घेतलं होतं. माझे अप्पा जिवंत, घरात, माझ्यासमोर भाकरी खात असताना मला त्या इंजिनावर चढायचं होतं, म्हणून मी चढले. तुमच्याकडे तर अप्पाच नव्हते. हुमनाबादच्या फाटकात बस थांबली, मालगाडी गेली. तुम्ही असतात तर उतरून बघत उभे राहिला असतात. मी खिडकीतून डबे मोजायचा प्रयत्न केला, मध्येच चुकले.

रविवारी हॉल भरला होता. तुमचे विद्यार्थी आले होते, काहींचे केस माझ्यापेक्षा पांढरे. मी भाग्यश्रीला काहीही काढायला सांगितलं नव्हतं. ती दाराजवळ उभी होती आणि फिल्मकडे न बघता माझ्याकडे बघत होती. तो भाग आला. मोठ्या पडद्यावर तुमचा चेहरा भिंतीएवढा झाला होता. तुम्ही "अप्पांनी मला उचललं" म्हणालात तेव्हा तुमचे हात, मराठी बोलत असूनही, मांडीवरून वर आले. लॅपटॉपवर हे दिसलं नव्हतं, की मीच बघितलं नव्हतं. दोन्ही हात, पंजे उघडे, काहीतरी वर धरून द्यावं तसे. उचलून घेतलेल्या मुलाचे हात असे नसतात. ते उचलणाऱ्याचे होते. तुम्ही त्या वेळी कोण होतात, हे मला आता सांगता येत नाही.

दिवे लागले. हेडमास्तरांनी मला पुढं बोलावलं. मी तुमच्याबद्दल थोडंसं बोलले, आभार मानले, आणि एवढंही म्हटलं की मी काही म्हणत नाही हे खरं नाही. लोक हसले. मी खाली बसणार तेवढ्यात खादरसर उठले. तुमचे बालपणापासूनचे दोस्त, त्यांना माहीत नाही असं तुमचं काही नव्हतं. त्यांच्या बोलण्यात कुठलाही डाव नव्हता, माणूस खरंच गोंधळला होता.

"वैनी, माफ करा, एक विचारतो. मल्लूचे अप्पा तर तो दोन सालाचा होता तवाच गेले. मी त्यांच्या घरातच खेळलोय. मग हे स्टेशनावरचे अप्पा कोण?"

 भाग्यश्रीनं मान खाली घातली. सगळे माझ्याकडे बघत होते आणि माझ्याजवळ तीन उत्तरं होती. तिन्ही कुणाला ना कुणाला खोटं पाडणारी.

"ते माझे अप्पा होते," मी म्हटलं. "त्यांनीच उचललं."

 खादरसर म्हणाले, "अच्छा," आणि बसले. त्यांना काय समजलं ते मला माहीत नाही. कुणाला उचललं, हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. नंतर बाहेर चहा घेताना एक विद्यार्थी दुसऱ्याला सांगत होता की सरांच्या सासऱ्यांनी त्यांना पोटच्या पोरासारखं वाढवलं. तसं काही नव्हतं. अप्पा तुमच्याशी आयुष्यभर जेमतेम दहा वाक्यं बोलले असतील, तीही पावसापाण्याची. मी त्या मुलाला दुरुस्त केलं नाही.

आज तुमच्या टेबलासमोर बसून हे लिहिते आहे. काय झालं ते ओळीनं मांडलं की कळेल, असं वाटलं होतं. मांडलं, तरी कळलेलं नाही. तुमच्याशी भांडायला हवं की तुमचं काही देणं लागते म्हणून गप्प बसायला हवं, हे ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी होतं आणि मग लेक हाक मारते.

पण एक गोष्ट, तुम्ही चहा घेऊन दारात उभे होतात त्या सकाळी मला माहीत असती तर मी भाकरी बाजूला ठेवून सांगितली असती. तुम्ही मागितले असते, तर मी अप्पा दिले असते.